देखण्या पोराची चौकशी

माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ सांगून आलं, मुलाचा फोटो मोबाईलवर आला, आणि बोरीच्या आमच्या घरात सगळे त्यावर वाकले. आईनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, बारीक केला, परत मोठा केला. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "बघ गं, हा खराच हाय का?"

मी बघितलं. उंच, गोरा, सरळ नाक, दाट केस आणि घारे डोळे. आमच्याकडं घाऱ्या डोळ्यांच्या माणसाला कोणी लवकर घरात घेत नाही. पण डोळे सोडले तरी बाकीचंही काही कमी नव्हतं. असा मुलगा आमच्या हिला मागणी घालतोय?

बहिणीबद्दल स्पष्टच सांगते, कारण ती स्वतःही स्पष्टच सांगते. रंगानं काळी, दात पुढं, उंची बेताची, गालावर कांजिण्यांचे व्रण. चारठाण्याजवळच्या एका उपकेंद्रात ती नर्स आहे आणि तिथल्या सासवा तिला टरकून असतात. मी तिची थोरली. मी देखणी आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही आणि कौतुकही वाटत नाही, त्यात माझं काय कर्तृत्व? लहानपणापासून लोकांनी मला हे असं सांगितलं की जणू घरात काहीतरी जपून ठेवायची वस्तू आहे आणि कोणीतरी ती पळवणार आहे.

दळण आणायला जायचं तर ती जायची. शेतात भाकरी न्यायच्या तर ती. "तिला जाऊ द्या, तिच्याकडं कोण बघायलंय," असं घरातले तिच्यादेखतच म्हणायचे. मी दारात उभी राहिले तरी आई आतून ओरडायची. बारावीनंतर मला म्हणाले, बास झालं, रूप हाय, उगं जिवाला घोर नको. हिला मात्र नर्सिंगला परभणीला खुशाल पाठवलं. म्हणजे तिच्या दिसण्यानं तिला नोकरी मिळाली आणि माझ्या दिसण्यानं मला नवरा. मला आजही कळत नाही की यात कोणी कोणाची कीव करायची.

माझा नवरा चुडाव्याचा. स्टेशनच्या रस्त्याला खताचं आणि बियाणांचं दुकान आहे. मला बघायला आले तेव्हा त्यांचे केस निम्मे गेलेलेच होते आणि पोट पुढं आलेलं. मला उभं केलं, चालायला लावलं, त्यांच्या चुलतीनं माझी वेणी सोडून केस ओढून बघितले. पाय बघितले. नखं बघितली. आणि त्यांच्याबद्दल आमच्या लोकांनी काय विचारलं? दुकान सोताचं का भाड्याचं, एवढंच. पाहुणे गेल्यावर आमचे मामा म्हणाले, "पोरगा साधा हाय, सरळ हाय." सरळ हाय हे कशावरून कळलं, मामा? तर दिसायला यथातथा हाय, म्हणजे सरळच असणार. आमच्या मामाचा हिशेब असा.

नवरा वाईट नाही. हात उगारत नाही, दारू पीत नाही. फक्त त्यांना सारखं वाटतं की माझ्याकडं कोणीतरी बघतंय, आणि त्याहून जास्त वाटतं की मी कोणाकडं तरी बघतेय. सुरुवातीला मी दुकानात बसायचे. एक शेतकरी कपाशीच्या बियाणाची चौकशी करत जरा जास्त वेळ उभा राहिला, तेव्हापासून माझं दुकानात बसणं बंद. आता मोबाईल आलेत. मी कुठंही गेले की व्हिडिओ कॉल येतो. "कुठं हायस? मोबाईल फिरव." मग मी मोबाईल गोल फिरवते. भिंत, दार, टीव्ही, बसलेली माणसं. "बरं," म्हणतात आणि ठेवतात. इतकी सवय झालीय की फोन वाजला की माझा हात आपोआप फिरतो.

तर असं स्थळ. मुलगा बहिणीच्या उपकेंद्राच्या शेजारच्या गावात ढोरांचा डॉक्टर. जात जुळते, नोकरी पक्की, घरी बागायती शेत. त्याच्याच मामांनी विषय काढला. हुंड्याचं नाव नाही. लग्न साध्यानंच करू म्हणाले. हे ऐकून तर वडिलांनी पानाचा डबाच मिटला.

"कुठंतरी पाणी मुरायलंय," ते म्हणाले.

मग सगळ्यांची डोकी चालायला लागली. आमचे मामा म्हणाले, नोकरीवाली पायजे असंल. पण त्याला स्वतःला नोकरी होती. आत्या म्हणाली, आधीचं लग्न असंल, मोडलेलं. आई म्हणाली, फीट येत असंल. माझा नवरा म्हणाला, "देखणा माणूस एका बाईवर ऱ्हात न्हाई," आणि हे बोलताना बघत होता माझ्याकडं. एकाच्याही तोंडून असं निघालं नाही की आमची पोरगी गुणाची हाय, आवडली असंल त्याला. माझ्याही तोंडून नाही. खोटं कशाला सांगू, मला तर सगळ्यांहून जास्त शक होता. मला वाटायचं, हा काहीतरी डाव आहे आणि यात माझी बहीण भरडली जाणार.

बहीण म्हणाली, "करा काय करायची ती चौकशी. मला तो पसंत हाय."

चौकशीला मामा, माझा नवरा आणि मी असे गेलो. मुलाचं गाव गंगाखेडकडं, गंगेच्या काठी. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. आमच्याकडं चौकशीची एक रीत आहे. आधी किराणा दुकान, मग सलून, आणि शेवटी ज्या घराशी मुलाच्या घरचं वाकडं आहे ते घर. खरं काय ते तिथंच कळतं. दुकानदार म्हणाला, उधारी ठेवत न्हाईत. सलूनवाला म्हणाला, पोरगं लय गुणाचं. शेवटी बांधावरून कोर्टात गेलेल्या शेजाऱ्याकडं बसलो. त्यानं मुलाच्या बापाला शिव्या दिल्या, चुलत्याला दिल्या. मग मामांनी हळूच विचारलं, "अन् पोरगा?"

शेजारी म्हणाला, "पोराला काई म्हणू नका. माझी म्हैस अडली व्हती तवा आमची बोलचाल बंद असून आला."

बाहेर आल्यावर मामा एवढंसं तोंड करून म्हणाले, "दुश्मन बी चांगलं म्हणायलाय. ह्याला पढवून ठिवलंय, दुसरं काय."

आता राहिलं होतं अंग. चेहरा स्वच्छ, पण कपड्याखाली काय? कोड असलं तर? आमच्या मामांची अक्कल अशा वेळी फार पळते. रात्री गंगाखेडला मुक्काम करून सकाळीच ते मुलाच्या घरी गेले, तो सुट्टीचा घरीच होता, आणि म्हणाले, आलोच हाव तर गंगेत आंघोळ करू, पुण्य लागंल, पाव्हणे तुमी बी चला. मार्गशीर्षातली थंडी, तोंडातून वाफ निघत होती. एखादा असता तर म्हणाला असता, वेड लागलं का? हा हसला आणि टॉवेल घेऊन निघाला. हसला तेही मला खटकलं. समजलं असंल का ह्याला?

मी घाटाच्या वरच्या पायरीवर नदीकडं पाठ करून बसले. मला सक्त ताकीद होती. मागं पाण्याचे आवाज आणि मामांचं "हर हर गंगे" चाललेलं. मला एकाएकी हसू फुटलं. आजवर पोरीच अशा उलट्यापालट्या करून बघितलेल्या मी पाहिल्या होत्या. पोरगा पहिल्यांदाच. आणि तोही का, तर देखणा आहे म्हणून. माझ्या नवऱ्याला कोणी गंगेवर नेलं नव्हतं. त्यांच्या अंगावर काय आहे ते मला लग्नानंतरच कळलं. आणि डोक्यात काय आहे, ते तर त्याच्याही नंतर.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय दिसलं?"

मामा खिन्न होऊन म्हणाले, "कुठंच काई न्हाई. पाठ बघितली, पोटऱ्या बघितल्या. साधा तीळ न्हाई गं." एवढं दुःख मी त्यांच्या चेहऱ्यावर कोणाच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं.

मी नवऱ्याला विचारलं, "तुमाला काय दिसलं?"

"माझं ध्यान न्हवतं तिकडं," ते म्हणाले. "मी तुझ्याकडं बघायलो व्हतो. तू एकदा मान वळवलीस का गं मदी?"

मी काचेतून बाहेर बघत राहिले.

सुपारी फोडायचा दिवस ठरला होता, पण घरात कोणी मनापासून तयार नव्हतं. त्यातच मुलगा एकटा, न कळवता बोरीला आला. अंगणात गाडी लावून म्हणाला, "चौकशी झाली असंल तर बरं, काई ऱ्हायलं असंल तर इचारा." आई चहाला आत गेली. मी तिथंच खांबाला टेकून उभी राहिले आणि तोंडावर विचारलं.

"खरं सांगा. तुमाला चिक्कार पोरी सांगून आल्या असतील. मग हीच का?"

तो पायातली चप्पल फिरवत म्हणाला, "ताई, मी त्या भागात नवीन गेलो तवा मला कोणी काईच इचारलं न्हाई. चेहरा बघितला की लोक म्हणायचे, सायब हुशार हायत. एकदा एका शेळीला इंजेक्शन द्यायलो व्हतो. तुमची बहीण रस्त्यानं चालली व्हती. थांबली अन् म्हणली, बाटलीवरची तारीख बघितली का? मी बघितली न्हवती. तारीख उलटून गेलेली. अन् लोक तिलाच वरडायलेत, तू सायबाला शिकवायलीस का म्हणून. माझी चूक, अन् शिव्या तिला."

"मग?"

"मग काई न्हाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई, बाटलीकडं बघितलं. माझ्या बाबतीत असं कोणी करत न्हाई."

क्षणभर माझा जीव निवला. पण लगेच दुसरं मन म्हणालं, एवढं नेमकं उत्तर सुचलंच कसं याला? तयारी करून आला असणार. गोड बोलणारी माणसं मी काय कमी पाहिलीत? तो चहा पिऊन गेला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. तेही माझ्या डोळ्यात खुपलं.

सुपारीच्या आदल्या दुपारी बहीण ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, "नको म्हण. अजून वेळ गेली न्हाई. मला भ्या वाटायलंय. देखण्या माणसाचं काई खरं न्हाई बघ."

तिनं मान वर केली नाही. दाणे ताटलीत पडत राहिले.

"काय सापडलं का त्याच्यात?"

"सापडलं न्हाई, तेच तर."

"अन् दाजीची चौकशी किती केली व्हती गं तुमी?" ती म्हणाली. "त्यांना नेलं व्हतं का गंगेवर?"

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. "कुठं हायस?" "ओसरीत." "कोण हाय बाजूला? फिरव." माझा हात फिरला. भिंत, दार, दोरीवरचे कपडे, तुरीच्या शेंगांचा ढीग, बहिणीचा चेहरा. ती कॅमेऱ्यात सरळ बघत होती. "बरं," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

बहिणीनं एक शेंग हातात धरून ठेवली होती. आवाज न चढवता म्हणाली, "मग सांग ताई. दाजीसारखा साधा बघू का मी?"

मला रडू आलं. रागही आला, तिचा नाही. आईचा, मामांचा, त्या वेणी सोडणाऱ्या बाईचा आणि अंगणातून कप उचलून नेणाऱ्या त्या देखण्या माणसाचाही, कारण त्याच्यात काही खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी उठून आत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. मग बाहेर खाटेवर लवंडलेल्या मामांना म्हणाले, "उद्या सुपारी फोडायची. आता कोणी काई काढलं तर माझ्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवशी अंगणभर पाहुणे. माझा नवरा दुकानाचा माल उतरवायचा म्हणून चुडाव्यातच अडकला होता. पाटावर सुपारी ठेवली, भटजींनी मंत्र सुरू केले, बहीण हिरव्या साडीत बसली होती आणि तो समोर. मी त्याच्याकडं बारीक लक्ष ठेवून होते. तो कोणाकोणाकडं बघतो ते मला टिपायचं होतं, आजही टिपते. सुपारी फुटली, बायका हसल्या, आणि माझा फोन वाजला.

"लय गर्दी दिसायलीय. नवरदेव कुठं बसलाय? तुझ्या बाजूला कोण हाय? फिरव."

हात उचलला गेलाच होता. समोर बहीण माझ्याकडं बघत होती.

मी मोबाईल फिरवला नाही. माझ्याच तोंडासमोर धरून ठेवला.

"फिरव की!"

"न्हाई फिरवत," मी म्हणाले. "हे बघा की. हेच बघून केलं व्हतं ना तुमी लग्न?"