इंचाला वीस ठिपके

छपाईवाल्या काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती त्यांच्या काउंटरला टेकून उभ्याउभ्या झोपली होती. साधीसुधी झोप नव्हे. मागे होर्डिंग छापायचं यंत्र गिरणीसारखं घरघरत होतं, शाईच्या वासाने माश्यासुद्धा दारातून परत जात होत्या, आणि ही बाई पेनड्राइव्ह मुठीत धरून ढिम्म उभी. एखाद्या कपड्याच्या दुकानातला पुतळा चुकून आपल्याकडे उतरवला की काय, असं काकांना वाटलं. तेवढ्यात पुतळ्याने डोळे न उघडताच विचारलं, "चाळीस बाय वीस फूट, इंचाला तीनशे ठिपके. जमेल ना?"

न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढणं, हा तिचा धंदा. जिथे अजून कुदळसुद्धा पडलेली नाही, तिथे ती संगणकावर सात मजले चढवी, बाल्कन्यांत कुंड्या मांडी आणि एकेका कुंडीला सावली देई. त्यातलं एकही घर तिला परवडणारं नव्हतं. तीन वर्षांत तिने धड सुट्टी घेतली नव्हती. आता साहेबांनी आठ दिवसांची रजा कबूल केली होती, पण होर्डिंग चढल्यावर. आईकडे जाऊन ती नुसती झोपणार होती. आईने गादीला ऊनही दाखवून ठेवलं होतं. आणि संगणक म्हणत होता, एवढ्या ठिपक्यांचं चित्र तयार व्हायला एकेचाळीस दिवस लागतील.

काकांनी सुस्कारा सोडला. हाच सुस्कारा ते बावीस वर्षं सोडत आले होते. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आले, दुखऱ्या गुडघ्याला दोन शिव्या हासडल्या आणि तिला रस्त्यापलीकडे ऐंशी पावलं घेऊन गेले. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी खास याच कामासाठी एका संत्र्याचं भलंमोठं चित्र टांगून ठेवलं होतं.

"आता ठिपके मोज."

"दिसतच नाहीत, काका."

"इंचाला वीसच आहेत. जवळ गेलीस तर त्या संत्र्याला गोवर आलाय असं वाटेल. पण पोरी, होर्डिंग नाकाला लावून कोण बघतं?"

वीस ठिपक्यांचं चित्र साडेचार तासांत तयार झालं. शुक्रवारी होर्डिंग चढलं. समोरच्या फुटपाथवरून कुंड्यांच्या सावल्यासुद्धा झकास दिसत होत्या. तिने घरी जाऊन बॅग भरली आणि उशी बॅगेत मावत नाही म्हणून ती वेगळी बांधली.

साहेब भारी काटेकोर माणूस. हॉटेलातला चमचासुद्धा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासणारे. शनिवारी ते आले आणि फुटपाथवर उभं न राहता थेट होर्डिंगच्या लोखंडी शिडीने वर गेले. चष्मा पुसला, नाक टेकवलं आणि तिथूनच तिला फोन लावला. चित्राला पुरळ आलंय, तीनशे म्हणजे तीनशे, तोवर हे राहू दे, नवं झालं की बदलू आणि रजेचंही तेव्हाच बघू, असं सगळं एका दमात सांगून ते जपून खाली उतरले.

संध्याकाळी तिने काकांना फोन केला.

"काका, एकाने बघितलं."

काकांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच सुस्कारा गिळला.

तीनशे ठिपक्यांचं चित्र बरोबर एकेचाळिसाव्या दिवशी पूर्ण झालं. होर्डिंगची जागा तीस दिवसांसाठीच घेतली होती.