काळी हळद

माझ्या नातीचं तोंड काळं करून, तिला सायकलच्या पुढच्या खोक्यात बसवून, पातेली बडवत गल्लीतून मिरवत होते. नेमकी तेव्हाच तिच्या होणाऱ्या सासूची टॅक्सी दाराशी थांबली. बाई थेट पुण्याहून आलेल्या. सईच्या केसांतून काळं गळत होतं, वर पीठ आणि उशीतली पिसं. आपल्याकडे अशी धिंड कोणाची काढतात, हे सांगायला नको.

सायकल दामटत होती काकवीबाई.

इथे परदेशात, फेल्डहोवनला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी ही स्कॉटलंडची म्हातारी. तिचं नाव मला उच्चारता येईना. तिच्याकडे काकवीसारख्या काळ्या पाकाचा डबा कायम उघडा असायचा, म्हणून मी काकवीबाई म्हणायला लागले आणि ती ओ द्यायला लागली. पीठ, मनुका आणि काकवी फडक्यात बांधून ती नारळाएवढा गोळा उकळायची. दुसऱ्या दिवशी त्याचे काप तळून आणून द्यायची. ते चांगले लागत.

ओटची लापशी मात्र खारट आणि गिळगिळीत. ती मी एकदाच खाल्ली. काकवीबाई ती उभ्यानं खायची आणि लापशीला अहो-जाहो करायची. सई मला मराठी करून सांगे, "आजी, ती म्हणते, त्या अजून गरम आहेत." पहिल्यांदा मी दाराकडे बघितलं, कोण आल्या म्हणून.

हळदीच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, "आमच्या गावातही लग्नाआधी नवरीला माखतात. मी करू?" सई उड्याच मारायला लागली. मी म्हटलं, कर. रंग विचारायचा राहिला.

तर विहीणबाई टॅक्सीतून उतरेचनात. काच खाली करून मुलाला म्हणाल्या, "निखिल, गाडी वळवायला सांग. हे असलं घर नको आपल्याला."

निखिल उतरून हसत उभा होता. त्याचं हसू गेलं. सई खोक्यातून म्हणाली, "आजी, से समथिंग!"

माझ्याआधी काकवीबाईच खिडकीशी गेली आणि तिच्या भाषेत बोलत सुटली. निखिल मराठी करत होता. "आई, त्या म्हणतात, असं माखलं की वाईट नजर जवळ येत नाही. आणि एवढं सोसलं की पुढे नवराही सोसता येतो."

"नवरा म्हणजे तूच ना?"

"हो."

मी म्हटलं, "विहीणबाई, याला लहानपणी तीट लावत होतात की नाही?"

"लावायचे की."

"मग ही तीटच आहे. पोरगी मोठी, म्हणून तीट मोठी."

विहीणबाई उतरल्या, सईच्या गालावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"काकवी आहे की ही!"

"मग तुम्हाला काय वाटलं, डांबर?"

"आणि याला का कोरडा ठेवलाय?" त्यांनी काकवीबाईच्या हातातला डबा ओढून घेतला आणि इस्त्रीच्या शर्टासकट निखिलच्या डोक्यावर रिकामा केला. काकवीबाई इतकी हसली की तिला सायकलचाच आधार घ्यावा लागला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. फोटोत निखिलच्या कानामागे अजून काळं दिसतं.

काकवीबाई पुढच्या हिवाळ्यात गेली, झोपेत. सई आणि निखिल टिलबर्गला असतात, भांडतात, पण एकत्र असतात. विहीणबाई आणि मी, दोघी अजून आहोत.