मामांचा रविवारचा पेपर

मामा शुक्रवारी गेले.
ईश्वरीचा पेपर रविवारी होता.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. ईश्वरी माझी लेक, तेव्हा पाचवीत होती.

आज मामांना जाऊन वर्ष झालं.

एका निवासी शाळेची एन्ट्रन्स होती. पाचवीत एकदाच देता येते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासेसना काही तोटा नाही, पण मामांनी जाहीर करून टाकलं, "पोरगी घरातच तयार हुणार."

गणित आणि भाषा माझ्याकडं.
मामांकडं एकच खातं. हॉल.

त्यांचं म्हणणं असं की, पोरं अभ्यासानं नापास होत नाहीत, बिचकून होतात. स्वतः मॅट्रिकला बिचकले होते. "सुपरवायझर मागं यिऊन हुबा ऱ्हायला, खोकला, आन् माजं सगळं पाठांतर पंचगंगेला मिळालं."

म्हणून दर रविवारी सकाळी आमच्या घरात परीक्षेचा हॉल भरायचा. ईश्वरी घड्याळ लावून प्रॅक्टिस पेपर सोडवायची, ओएमआर शीटवरचे गोल भरायची. मामा सुपरवायझर. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण.
घरात! देव्हाऱ्यासमोरून!

आत्ती खवळायच्या. "अवो, देव हाय तिथं!"
"देवाला सांग, परीक्षा चालू हाय. गप बस म्हणावं."

टीव्ही मुद्दाम मोठ्यानं लावलेला. कुकरच्या शिट्ट्या. मामा करकरत फेऱ्या मारणार, ईश्वरीच्या मागं येऊन थांबणार आणि खोकणार.

मी म्हणायची, "मामा, तिला जरा शांतता द्या की."
"दुनिया काय तिच्यासाठी गप बसणार हाय व्हय?"

सुरुवातीला ती खोकल्यासरशी दचकायची आणि शाई गोलाबाहेर जायची. नंतर नंतर मानसुद्धा वर करीना. मामा जाम खूश. माझं मात्र दर रविवारी डोकं उठायचं.

मग तो शुक्रवार.
अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

रक्षाविसर्जन रविवारी सकाळी ठरलं. पेपरचीही तीच वेळ.

घर पै-पाहुण्यांनी भरलेलं. गडहिंग्लजचे चुलत सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "पेपर रगड येतील. आज्जा परत येणार हाय व्हय? नातीनं रक्षेला यायलाच पायजे."
   ईश्वरी माझ्या तोंडाकडं बघत होती.

शुक्रवारपासून आत्ती कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच बोलल्या.
"वरीसभर त्या माणसानं घरात पायताण घालून माझा देव बाटवला. ते काय पोरीचा आज पेपर बुडवायला? जाऊ दे तिला."


माझा भाऊ तिला गाडीवरून सेंटरला घेऊन गेला. आम्ही पंचगंगेवर गेलो.

दुपारी ती परत आली. मी विचारलं, "कसा गेला गं?"

"मम्मी, तिथं लईच शांत होतं. मॅडमनी कापडी बूट घातलेले. मागं येऊन थांबल्या की कळायचंच नाही. मी सारखी वाट बघत होते."
"कशाची?"
"कुणी खोकलंच नाही."

आणि मग ती रडली. शुक्रवारपासून पहिल्यांदा. मीही रडून घेतलं.

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. दुनिया तिच्यासाठी गप बसली होती, मामांचा अंदाज चुकला होता. त्यांची चेष्टा करायला मला फार आवडलं असतं. ते नव्हते, ह्याचा राग आला.

आता ती सहावीत आहे. दुसऱ्या एका शाळेची परीक्षा द्यायचीय. तयारी परत घरातच. गेल्या रविवारी पहिला प्रॅक्टिस पेपर लावला. ह्या वेळी मी सगळी काळजी घेतली. टीव्ही बंद, मोबाईल सायलेंट, कुकर नंतर.

पोरगी पेन धरून नुसती बसली.
"लिही की गं."
"लिहिते."
पण लिहीना.

आत्ती देव्हाऱ्यापाशी वाती वळत होत्या. त्या उठल्या. कॉटखालनं मामांचं पायताण काढलं. ते त्यांनी कुणालाच देऊ दिलं नव्हतं. पदरानं पुसलं आणि पायात घातलं.

त्यांच्या पायाला ते फारच मोठं. फटाक फटाक करत देव्हाऱ्यासमोरून गेल्या आणि ईश्वरीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

आणि खोकल्या.

ईश्वरीनं मागं वळून बघितलं नाही. नुसती हसली आणि गोल भरायला लागली.

मामा, हॉल चालू आहे. तुम्ही निवांत राहा.