टायर बसतं, पण पेलतं का?

जगातल्या प्रत्येक वस्तूला ‘तुला पेलेल का?’ असं विचारून मगच तिच्यावर भार टाकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. भोकरदनला मास्तर होते, आता निवृत्त. घरात नवा झोपाळा आला तेव्हा त्यांनी आधी त्यावर ज्वारीची पोती बसवली आणि दुपारभर पोत्यांना झोके दिले. शेजारीपाजारी बघून गेले. माझ्या पुतणीच्या लग्नात तर हे गृहस्थ स्टेजखाली शिरले, बांबू हलवून पाहिले आणि बाहेर येऊन फोटोवाल्याला म्हणाले, “एका येळेला आठच माणसं!” नवऱ्याकडचे सगळे रुसले. “रुसल्यांची समजूत काढता येती,” मास्तर मला म्हणाले, “स्टेज खचलं तर काय काढणार?”

अशा माणसानं जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर करायला काढलं, तेव्हा आम्ही सगळे चक्रावलो. अक्कांना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, समुद्र दाखवायचा होता. आत पलंग झाला, ओटा झाला, पाण्याची टाकी बसली. गावाचे ब्लाउज शिवण्यात उभं आयुष्य गेलेल्या अक्कांची अट एकच होती : त्यांचं लोखंडी शिलाई मशीन बरोबर यायला हवं. हात रिकामे असले की त्यांना करमत नाही.

राहता राहिले टायर. ते घ्यायला मास्तर मला घेऊन जालन्याला गेले. दुकानातल्या चाचांनी काळेभोर, चकचकीत टायर पुढं केले. “मास्तर, बिलकुल बराबर बसतं हे.”

मास्तर उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवून टायरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. “बसतं, कबूल. पण पेलतं का? मापाच्या पुढं हा आकडा हाय ना चाचा, एका टायरनं किती वजन उचलायचं ते ह्याच्यावरनं कळतं. आता माझ्या गाडीचं वजन किती?”

“ते तुम्हालाच मालूम.”

“मला कुठं मालूम हाय!” असं म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला पुढचं सगळं दिसलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जिनिंगच्या भुईकाट्यावर! टाकी काठोकाठ भरलेली, पिठाचे डबे, गाद्या, मशीन, पुढं स्वतः मास्तर आणि शेजारी नव्या साडीत अक्का. काटेवाला ओरडला, “माल काय हाय?”

“संसार!” मास्तर खिडकीतून ओरडले.

कापूस घेऊन आलेली माणसं गाड्या सोडून भोवती जमली. आधी अख्खी गाडी तोलली, मग नुसती मागची चाकं काट्यावर घेतली. गाडीच्या दारावरच्या पट्टीत लिहिलेल्या मर्यादेत वजन बसत होतं. पण चाचांच्या दोन टायरना मागचा भार झेपणारा नव्हता. गर्दीतलं कुणीतरी बोललं, “ते मशीन उतरवा की.”

अक्का हळूच खाली उतरल्या. “राहू द्या मशीन. मी तशी बी येते.”

मास्तरांनी हात धरून त्यांना परत गाडीत बसवलं. मग एवढंच म्हणाले, “मशीन उतरणार न्हाई. टायर कमी पडून राह्यलं, तू न्हाई.”

चाचांनी मालवाहू गाडीचे जाड, दणकट टायर मागवले. मास्तरांनी प्रत्येकावरचा आकडा पाहिला, हिशेब केला आणि भरपूर हातचा राखूनच होकार दिला. चाचा हसत म्हणाले, “आता पुरा मोहल्ला बिठाव!” टायर चढले तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या.

ते दोघं समुद्राकडं निघाल्यावर भोकरदनचं त्यांचं घर फार शांत वाटायचं. एका संध्याकाळी फोन आला. आधी मास्तरांचा आवाज, “ऐकू येऊन राह्यलं का?” आणि मग नुसतीच गाज. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला. मागं अक्का कुणाला तरी सांगत होत्या, “केवढा हो हा, केवढा!” आम्ही दोघं दिवा न लावता ऐकत बसलो. फोन ठेवायचं कुणालाच सुचेना.