नाव तं लिवलंच नोतं

मी नववीत शाळा सोडली, म्हून शुद्ध-अशुद्ध मले समजत नाई. मी मोबाईलमंधी बोलतो अन् मोबाईल लिवते. त्याले माही बोली समजत नाई, 'मले' म्हटलं का 'मळे' लिवते, मंग बोटानं सुधारत बसा. माही वेबसाईट अशीच बनली, फुकटवाली, बोडीच्या, म्हंजे शेतातल्या तळ्याच्या, पारीवर बसून, काऊन का आमच्या गावात टावर तिथीच भेटते. मांडीवर लेकरू, हातात मोबाईल.

माह्या लेकराले सिकल आहे. रक्ताची बिमारी होये ते, मायबापाकडून येते. मी अर्धी, त्याचा बाप अर्धा, आमाले कधी काईच झालं नाई, पता बी नोता, अन् लेकराच्या वाट्याले पूरा सिकल आला. थंडी लागली, पानी कमी पेलं, का त्याचे हातपाय असे दुखतात का ते धड रडत बी नाई, नुसतं माह्याकडं पायते. दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या बाया विचारत, "तू कसं सांभाळतं वो बाई?" त्याइच्यासाठी मी लिवाले लागली. पानी पाजत राहाचं, पायात मोजे घालाचे, दुखाले लागलं का घरी बसून वाट नाई पाहाची, असंच. राजुऱ्याकडच्या एका बाईनं लिवलं, ताई, तुमचं वाचून मी माह्या पोरीचं रक्त तपासून आनलं. त्या दिवशी मले भाकर गोड लागली. मी बी कोनी आहो असं वाटलं.

बचत गटातल्या माह्या मैत्रिनी हासत. "पेपरवाली आली वो, पदर सावरा!" एक म्हने, "माह्या घरी काल वांगे होते, तेबी टाक." मी बी हासो. तवा हासाची गोष्ट होती.

आता महापरसादचं सांगतो. आमच्याकडं दोघी मैत्रिनीचा लय जीव असला का त्या महापरसाद होतात. आमी लहान होतो, मंडईच्या, म्हंजे गावजत्रेच्या, दिवशी देवापुढं साऱ्यायच्या समोर एकमेकीच्या तोंडात परसाद घातला, अन् झालं. बहिनीपेक्षा जास्त. तिच्या घरी मयत झाली तं मी सुतक पाळतो. अन् त्या दिवसापासून एकमेकीचं नाव तोंडातून काढाचं नाई, मरेपर्यंत. हाक माराची तं "महापरसाद!" माही आजी म्हने, नाव घेतलं का समजा नातं फिटलं.

माह्या महापरसादचं लगन जुळलं होतं. पोरगा माजरीकडं, खदानीत कामाले. धानाच्या रोवन्याच्या दिवसात आमी दोघी चिखलात वाकून होतो, तवा तिनं हळूच सांगतलं, "महापरसाद, मी तपासलं. मी बी अर्धीच निंगाली." मी उभीच झाली. ती म्हने, "वाक वाक, लोकं पाहून राह्यले." मंग म्हने, "त्याले मी सांगीन. हळदीच्या आधी, एकट्याले. त्यानं बी तपासून घ्यावं. तो साफ असला तं लेकराले पूरा होतच नाई, तूच तं सांगतं. पन सांगीन मी. माह्या तोंडानं."

मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं.

अन् मंग एक दिवस पारीवर बसून मी बोलत गेली, बोलत गेली, मोबाईल लिवत गेला. पोरी तपासाले भेतात, त्याइले हिंमत यावी म्हून मी म्हटलं, माही महापरसाद पाहा, ती अर्धी आहे, ती भेली नाई, लगनाआधी नवऱ्याले बी तपासाले सांगनार आहे, साऱ्यायनं असंच करावं. मले वाटलं मी तिची तारीफ करून राह्यली. भेव वाटलंच नाई, काऊन का नाव तं लिवलंच नोतं. जे नाव मी घरात घेत नाई ते तिथी कायले टाकीन?

पन माही महापरसाद कोन, हे गावातलं शेंबडं पोरगं बी सांगते.

कोन्या मैत्रिनीनं ते फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते तिच्या होनाऱ्या सासरी गेलं. पोराच्या भावजयीचा फोन आला. आमच्या खानदानात असं रगत नाई, म्हने. तपासाची गोष्ट बी आयकली नाई त्याइनं. लगन मोडलं. कदाचित पोरगा साफ असता. आता कोनाले कळनार?

गटाची मिटिंग माह्यावरच झाली. मी लेकराले छातीशी धरून बसली होती.

"तुले कोनं सांगतलं होतं वो शहानपना कराले?"

"मी नाव नाई लिवलं, बाई."

"नाव नाई लिवलं म्हने! आंधळ्याले बी समजते."

एक म्हातारी माह्या बाजूनं बोलली, "लिवलं ते खरंच आहे ना?"

"खरं आहे म्हून तं लागलं, काकू. खोटं असतं तं भांडून मिटवलं असतं."

मंग माह्या बाजूले बसलेली, जी वांग्याची मजाक करे तीच, हळू बोलली, "अन् तुह्या पोराचं का? वेबसाईटवर त्याचा फोटो आहे, बिमारी आहे, सारं आहे. उद्या त्याले पोरगी कोन देईन?" मी कधी इचारच केला नोता. माह्या डोक्यात आजच्या दिवसाचं दुखनं असते, त्याच्या लगनापर्यंत माही नजर पोचतच नाई. त्याच्या लगनापर्यंत पोचाले मले भेव वाटते, खरं सांगतो.

मी पारीवर गेली अन् सारं पुसलं. पूरी वेबसाईट. राजुऱ्याच्या बाईचे दोन शब्द बी गेले. पन लोकाइच्या मोबाईलमंधी ग्रुपवरचा तो फोटो आहेच, तो कसा पुसू? महापरसादच्या घरी गेली तं तिची माय दारात आडवी. "झोपली आहे," म्हने. भर दुपारी, अन् मांगं भांडे घासल्याचा आवाज येऊन राह्यला.

मी माफी मांगाले रोज जाओ. रोज ती झोपलीच असे.

मंग लेकराले दुखाले लागलं. बाप त्याचा तेलंगनात मिरच्या तोडाले गेला होता. मी त्याले खांद्यावर घेऊन सडकेवर निंगाली अन् मांगून ती पयत आली, माही महापरसाद, हात राखेनं भरलेले. लेकरू माह्या हातातून घेतलं, आपल्या ओढनीत गुंडाळलं, जीप थांबवली, मले आत बसवलं, लेकरू मांडीत देल्लं. मले वाटलं संग बसते. मी सरकली. जागा केली.

तिनं दार लावलं. "पानी पाजत राहा," म्हने, अन् मंग माह्यं नाव घेतलं.

रागानं नाई. हजेरीत गुरुजी घेत, तसं. सरळ, पूरं.

जीप चालू झाली. मांगं पाहाची माही हिंमत नाई झाली. लेकराच्या अंगाले तिच्या ओढनीचा राखेचा वास येत होता, ते माह्याकडं पाहून राह्यलं होतं, अन् मी त्याले पानी पाजत राह्यली.