पाशाभाईंचा गुरुवार

शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात, आणि घोडनदीच्या पेठेत गुरुवार कॅलेंडरात बघायची गरज नसे. सकाळी दहाच्या सुमाराला एसटी स्टँडच्या बाजूने लोबानाचा वास आला की समजायचं, पाशाभाई निघाले. एका हातात निखाऱ्यांचं धुपाटणं, दुसऱ्यात मोरपिसांचा कुंचा, खांद्याला लोबानाची झोळी. दुकानात शिरायचे, निखाऱ्यावर चिमूट टाकायचे, गल्ल्यावरून, मालावरून, मालकाच्या डोक्यावरून धूर फिरवायचे, बरकतीची दुआ पुटपुटायचे आणि पुढच्या पायरीवर. सराफ असो, किराणावाला असो, बी-बियाण्यांच्या दुकानाचे अगडबंब हौसराव असोत, त्या धुरापुढे सगळे मान लववायचे. दुकान हिंदूचं की मुसलमानाचं, हा प्रश्न सव्वीस वर्षांत कुणाला पडला नाही. सव्वाशे दुकानं, आणि बाराच्या आत सगळी.

हे काही फार मोठं काम आहे असं कुणी म्हणणार नाही. बाकीचे सहा दिवस पाशाभाई स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करत, आणि त्यांना विचारलं तर तेही सांगत, "पोट स्टोव्हवर चालतं." पण जगायचे ते गुरुवारी.

२००९ च्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लू आला आणि नगर रोडने शिरूरला यायला त्याला वेळ लागला नाही. पाशाभाई एकोणीस दिवस पुण्याच्या दवाखान्यात पडून होते. जगले. ताप गेला, विषाणू गेला, पण जाताना घर नासवून गेला. फुफ्फुसांवर चट्टे राहिले आणि ती ताठरली. घरापासून मशिदीपर्यंत जायचं तर दोनदा टेकायला लागे.

आजारानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, बायको मेहरुन नको नको म्हणत असताना, ते धुपाटणं घेऊन निघाले. अकराव्या दुकानाशी हौसरावांच्या पायरीवर मटकन बसले. हौसरावांनी घाईघाईने खुर्ची आणवली.

"बसा पाशाभाई, निवांत बसा. घाई कसली?"

बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण पाशाभाईंना ती खुर्ची लागली. ज्याच्यापुढे मान लववायची त्याला कुणी खुर्ची देतं का? त्या दिवशी दोन वाजेपर्यंत चाळीसच दुकानं झाली.

दिवाळीनंतर दवाखान्यातून निरोप आला. तिथे एका नव्या औषधाची तपासणी चालली होती. असं फुफ्फुस राहिलेल्यांना ते यंत्रातून वाफेसारखं करून, तोंडाला मास्क लावून ओढायला द्यायचं, चार महिने, सकाळ-संध्याकाळ. पाशाभाईंना त्यातलं 'नवं औषध' एवढंच ऐकू आलं. बारीकशा, थकल्या डोळ्यांच्या सविता डॉक्टरांनी मात्र सगळा कागद त्यांना सावकाश वाचून दाखवला.

"काका, निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. तुम्हाला काय मिळालंय ते तुम्हाला कळणार नाही."

"पर तुमाला तर ठाव असंल?"

"मलाही नाही. तपासणी संपेपर्यंत कुणालाच नाही."

पाशाभाईंना हे फार आवडलं. एकोणीस दिवसांत दवाखान्यात मला माहीत नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं. त्यांनी सही ठोकली. मग बाईंनी विचारलं, विडी, सिगारेट? कधीच नाही. तंबाखू? तोबा. घरी चूल? गॅस हाय. धंदा? स्टोव्ह रिपेरी. सगळं खरंच सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग लांबलचक व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं, या टोकाहून त्या टोकाला, आणि मीटर मोजले. अडीचशे.

तेव्हापासून पाशाभाई मोठ्या भक्तीने मास्क लावून बसत. यंत्र घरघरे, नाकाशी गार वाफ येई, वास कसलाच नाही. गुरुवारी तर ते मुद्दाम यंत्राची वाफ ओढून झाली की लगेच पेठेत निघत. त्यांचा हिशेब साधा होता. यंत्राने छाती मोकळी होते, मग मोकळ्या छातीत लोबान खोलवर ओढून घ्यायचा. लोबान म्हणजे काही विडीचा धूर नव्हे! दर्ग्याची चीज. मुलं दचकली, जनावर आटलं, तर लोक लोबान मागायला येतात. दोन औषधं एकदम लागू पडतील, असं त्यांनी मेहरुनला समजावलं होतं. तिला पटलं नव्हतं, पण नवऱ्याचा गुरुवार मोडायचा धीर तिलाही नव्हता.

महिन्याने दोनशे चाळीस मीटर. दोन महिन्यांनी दोनशे पंधरा.

सविता डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिल्या. तो शुक्रवार होता, आणि थंडी म्हणून पाशाभाईंनी आदल्या दिवशीचाच स्वेटर घातला होता. छाती ऐकायला बाई वाकल्या आणि थबकल्या.

"काका, तुमच्या अंगाला देवळासारखा वास येतोय."

"देवळाचा न्हाई, दर्ग्याचा," पाशाभाई खुशीत म्हणाले आणि सगळी हकीकत सांगून बसले. धुपाटणं, कुंचा, सव्वाशे दुकानं. आता साठाच्या वर होत नाहीत, पण मॅडमच्या औषधाने पुन्हा सव्वाशे करून दाखवीन. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, बाईंचा चेहरा उतरलाय.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी विडी इचारली, चूल इचारली. लोबान कुठं इचारला?"

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझंच चुकलं," म्हणाल्या. मग स्टूल ओढून समोर बसल्या आणि सांगितलं, की फुफ्फुसाला दर्गा आणि विडी यातला फरक कळत नाही. गुरुवार चालू राहिला तर हे चालणंही जाईल. आणि त्यांची नोंदही वेगळी ठेवायला लागेल, कारण उद्या बरं वाटलंच, तर ते औषधाने की लोबान सोडल्याने, हे सांगता येणार नाही.

"म्हंजी कायमचा सोडायचा?"

"कायमचा, काका."

ज्या गुरुवारासाठी श्वास हवा होता तोच गुरुवार श्वास खात होता. पाशाभाई आणि बरोबर आलेली मेहरुन परतीच्या एसटीत बसले. शिक्रापुरात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा मेहरुनला म्हणाले, "नौशादला बोलीव."

नौशाद मेहरुनचा चुलतभाऊ, दौंडला रिक्षा चालवायचा, चाळिशीचा शहाणा माणूस. पाशाभाईंनी त्याला धुपाटणं दिलं, कुंचा दिला, कुठल्या दुकानात चपला काढायच्या आणि कुणाच्या गल्ल्याला दोनदा धूर द्यायचा हे सगळं तोंडपाठ करून घेतलं. मेहरुनने घरातले पडदे, स्वेटर, झोळी, सगळं धुऊन टाकलं. झोळी धुवायच्या आधी पाशाभाईंनी तिच्यात तोंड खुपसलं होतं. ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

नंतरचे गुरुवार वाईट गेले. सकाळी लवकर जाग येई आणि करायला काही नसे. दहा वाजले की आता स्टँड, सव्वादहाला आता हौसराव, अकराला कापडबाजार, असं मनातल्या मनात चाले. हातात उघडलेला स्टोव्ह तसाच राही. दुपारी नौशाद धुपाटणं भावकीतल्या एका घरी ठेवून, हातपाय धुऊन, कपडे बदलून भेटायला येई. तरी अंगणातच उभा राही.

"हौसराव काय म्हनले?"

"काय न्हाई, दुल्हेभाई. डोकं टेकवलं, बास."

"माजं काय इचारलं?"

नौशाद खरा माणूस, त्याला खोटं बोलता येत नसे. तो दौंडच्या परतीच्या गाडीसाठी घड्याळ बघे, आणि पाशाभाई दुसरंच काही विचारत. लोक वाईट नव्हते. धूर येत होता, बरकत येत होती, मग आणणारा कोण हे कोण बघतो? हे पाशाभाईंना कळत होतं आणि तरी आतून तुटत होतं.

पण पाय चालू लागले. पुढच्या तपासणीला दोनशे नव्वद. फेब्रुवारीत, औषध संपलं त्या दिवशी, तीनशे बहात्तर, आणि मध्ये एकदाही थांबले नाहीत. सविता डॉक्टरांनी स्वतः टाळी वाजवली.

"आता काय करणार, काका?"

"पेठंत फिरून येतो," पाशाभाई म्हणाले.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, नौशादची फेरी उरकली असेल असं बघून, साडेबाराला ते निघाले. धुतलेले पांढरे कपडे, टोपी, आणि दोन्ही हात मोकळे. दुकानादुकानातून हाका आल्या. या पाशाभाई, चहा घ्या, तब्येत कशी हाय, बसा. खुर्च्या पुढे आल्या. मान कुणीच लववली नाही. का लववतील? ते कुणाकडेही बसले नाहीत. तीस दुकानं, पन्नास, साठ. छाती शांत होती. आपण सव्वाशे करू शकतो, हे त्यांना कापडबाजारातच कळलं.

हौसराव बँकेतून परतताना वाटेत भेटले आणि गप्पा मारत बरोबर चालू लागले. सराफ आळीच्या वळणावर पाशाभाई एकदम थांबले. वास आला होता.

दौंडची गाडी त्या दिवशी दीड तास उशिरा आली होती, आणि नौशाद नुकताच आळीत शिरला होता. समोरच्या दुकानात सराफ मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या डोक्यावरून धूर फिरत होता. पांढरा, जड, दुकानाबाहेर रस्त्यावर येणारा. पाशाभाईंचे डोळे भरून आले. एक घोट, त्यांना वाटलं, एकच घोट. सगळा जीव त्या धुराकडे ओढत होता. वारा त्यांच्या बाजूला फिरला.

नौशादने वळून पाहिलं आणि ओरडला, "दुल्हेभाई! मागं व्हा! पळा!"

आणि पाशाभाई पळाले. नाकाशी रुमाल दाबून, टोपी सांभाळत, आल्या वाटेने कापडबाजार ओलांडून थेट नदीच्या घाटापर्यंत. पायरीवर बसले, छातीवर हात ठेवला आणि धापेची वाट बघू लागले. येईलच आता. खालच्या पायऱ्यांवर बाया कपडे आपटत होत्या.

बऱ्याच वेळाने हौसराव येऊन पोहोचले, घामाने निथळत, एकेक शब्द तोडत. "पाशाभाई... अवो... काय हे... दम लागला का?"

"न्हाई," पाशाभाई म्हणाले. "न्हाई लागला." आणि तोच रुमाल तोंडावर धरून ते रडायला लागले.