देवळापुढे न वाकलेली बाई

मार्गशीर्षातील जत्रेचा दिवस: जबाबदार, आमच्या गावच्या हंगामी वसतिगृहाच्या समितीचे अध्यक्ष. त्यानंतरचा शुक्रवार: जबाबदार, तालुक्याहून आलेले तपासणी अधिकारी. संक्रांतीचा आदला दिवस: जबाबदार, नवे अधीक्षक. तेव्हापासून आजपर्यंतचा प्रत्येक दिवस: जबाबदार, हे सारे पाहून गप्प बसलेला गाव.

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावातून माणसे ऊसतोडीला गेली की मागे राहिलेली मुले या वसतिगृहात राहतात. भोकरदनच्या न्यायालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी तेथे शिकवायला जात असे आणि गावात कोणावर अन्याय झाला की रागाने अर्ज लिहीत असे. तेथील अधीक्षिका महानुभाव पंथातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, माझ्यासारख्याच एकट्या. आपल्या ईश्वराखेरीज कोणापुढे त्या पूजेला वाकत नसत, मांसाला शिवत नसत; मात्र भेटेल त्याला, लहानथोर न पाहता, हात जोडून ‘दंडवत प्रणाम’ म्हणत. पंथाची ती रीतच आहे.

‘ए पोट्ट्या’ एवढीच हाक ठाऊक असलेली ती मुले या नमस्काराने आधी खिदळली, मग बावरली. त्यांत आई वारलेली एक मुलगी होती. जवळ येईल त्याला चावायची, बोलायची नाही. बाई रोज सकाळी तिच्यापुढे वाकत. एके दिवशी ती खेकसली, “मला कामून म्हणता? मी काय मोठी हाय?”

“तुझ्यात जीव हाय ना? मंग बराबर हाय.”

पुढे ती चावेनाशी झाली. धाकट्या मुलींच्या वेण्या घालू लागली.

एकदा तुरीची डाळ निवडताना मी बाईंना म्हणालो, “आपण नोंदणी पद्धतीने विवाह करावा, असा माझा प्रस्ताव आहे.”

त्या मनमोकळे हसल्या. “गुरुजी, हा पण अर्जच का? पोच देऊ?” मग थांबून म्हणाल्या, “गाव तुमच्या रागाला हसतं. पण तुमी दर खेपेला दुसऱ्यासाठीच रागावता, ते मी पाहून राह्यले. पोरं आईबापाच्या हाती देऊ द्या, मंग उत्तर देते.”

आयुष्यभर मला कोणी इतके मोलाचे बोलले नव्हते.

जत्रेत अध्यक्षांनी मुलांना देवळात नेले. बाईंनी अडवले नाही; स्वतः मात्र पायरीखाली उभ्या राहिल्या आणि कंदुरीच्या, म्हणजे देवाला कापलेल्या बोकडाच्या, मटणाचे ताट हात जोडून परत केले.

“देवापुढं वाकत न्हाई अन् पोट्ट्यांपुढं वाकती!” अध्यक्ष सर्वांदेखत म्हणाले. “आमचा देव लहान पडला का बाई?”

लोक हसले. बाई एवढेच म्हणाल्या, “दादा, ज्याचा त्याचा भाव.”

शुक्रवारी अधिकारी आले. मुलांवर पंथाचा प्रचार होतो, असा शेरा मारून त्यांनी बाईंना त्याच दिवशी काढले. नोटीस नाही, आरोपाची प्रत नाही, म्हणणे ऐकून घेणे नाही. मी संविधानाने दिलेल्या श्रद्धेच्या स्वातंत्र्याची आठवण करून दिली, तर उत्तर मिळाले, “बाबा, घरी जाऊन आराम करा.”

ती मुलगी पुन्हा मुकी झाली आणि नव्या अधीक्षकांना चावली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला “मावशी न्यायला आली” म्हणून एका अनोळखी स्त्रीच्या हवाली केले. ओळख तपासली नाही, बापाला विचारले नाही. मी कर्नाटकातल्या उसाच्या फडावर फोन लावला, तेव्हा बाप रडत म्हणाला, “साहेब, तिच्या मायला बहीणच नव्हती. अन् मुकादम मला सोडत न्हाई.”

बाप समक्ष आल्याशिवाय तक्रार घेता येत नाही, असे ठाण्यात सांगतात. कायद्यात असे कोठेही नाही. बाई आणि मी जाफराबाद, भोकरदन, जालना येथील बसस्थानके पालथी घातली, प्रत्येक पोरीचा चेहरा पाहिला. शेवटी बाई पंथाच्या आश्रमात कायमच्या निघून गेल्या. निरोप आला, “पोर हाती दिली न्हाई. आता तुमाला काय उत्तर देऊ?”

मी रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवतो, ते पुढे योग्य कार्यवाहीसाठी जातात आणि तिथेच संपतात. ती सापडेल असे आता मला वाटत नाही.

तरीही माझी मागणी आहे. येत्या ग्रामसभेत अध्यक्ष, अधिकारी आणि अधीक्षक या तिघांनी माईकसमोर उभे राहावे आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे सांगावे: ती मुलगी तुम्ही कोणाच्या हाती दिली?